पत्रा काढल्यावर

खंडेनवमीच्या सकाळी मी दुकानात कुठलंही काम घेत नाही. शटर अर्धं वर करायचं, फरशी पुसायची, कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढायच्या आणि डबा टेबलावर आडवा करायचा. मागचे दोन स्क्रू सोडवले की बाजूचा पत्रा सरकून हातात येतो. पेठेत बहुतेकजण डब्याला बाहेरूनच हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. मीही घालते, पण आतली धूळ झाडल्याशिवाय नाही. लग्नाआधी मी ज्या छापखान्यात होते तिथे खंडेनवमीला ट्रेडल छपाईयंत्राचे रूळ रॉकेलनं पुसायचे, अक्षरांच्या खिळ्यांच्या केसेस रिकाम्या करून झटकायच्या, मग पूजा. हत्याराची पूजा म्हणजे आधी साफसफाई, हे तिथूनच अंगात भिनलं.

सांगलीच्या गावभागात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, श्रद्धांजलीची कार्डं. वीस वर्षांवर झाली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक या डब्याला ‘सीपीयू’ म्हणतं. मीही म्हणायचे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली दडलेला बिस्किटाएवढा तुकडा आहे, आणि त्यातलं खरं सिलिकॉन अंगठ्याच्या नखाएवढं. बाकीचा डबा म्हणजे पत्र्याचं कपाट आणि त्यात राबणारी इतर मंडळी. सगळ्या घराला एकट्या कर्त्याचं नाव दिलं की वीज पुरवणारा, आठवण धरणारा, जपून ठेवणारा, गार करणारा, सगळे बिननावाचे होतात. आणि बिननावाच्या गोष्टीची भीती वाटते. ‘कॉम्प्युटर बंद पडला’ असं म्हटलं की पोटात गोळा येतो. ‘एसएमपीएस गेलाय’, म्हणजे वीज पुरवणारी पेटी गेलीय, म्हटलं की पुढं काय करायचं ते सुचतं.

एमएस-सीआयटीच्या वर्गात आम्हाला फळ्यावर तीन चौकोन काढून दाखवले होते: इनपुट, प्रोसेस, आउटपुट. परीक्षेला ते लिहिलं, गुण मिळाले. पण कुठला भाग नेमकं काय करतो हे मला कळलं ते तो भाग बिघडला तेव्हाच. त्यामुळे माझ्या डोक्यात या भागांचा क्रम पुस्तकातला नाही. तो बिघाडांचा क्रम आहे.

पहिली रॅम.

२००३ च्या दिवाळीत मी कर्ज काढून मशीन घेतली. जोडून घेतलेली, म्हणजे असेंबल्ड. पेंटियम फोर, २.४ गिगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम, ८० जीबी हार्ड डिस्क. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी बटण दाबलं तर पडदा काळाच राहिला आणि आतून लांबलचक बीप येऊ लागला. थांबायचा, पुन्हा यायचा. त्या दिवशी दुपारपर्यंत एक अहवाल छपाईला द्यायचा होता. हार्डवेअरचा मुलगा आला. वीस-बावीस वर्षांचा असेल. डब्याला कान लावून त्यानं दोन बीप ऐकले आणि म्हणाला, “वहिनी, खोडरबर हाय का?”

मी मुलाच्या कंपासपेटीतला रबर दिला. त्यानं पत्रा काढला, बोर्डावरच्या एका लांब खाचेच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या आणि बोटभर रुंदीची हिरवी पट्टी वर काढली. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ होती. दोन्ही बाजूंचे मिळून १८४ दात. ते काळवंडले होते. त्यानं पट्टी टेबलावर ठेवली, रबर एकाच दिशेनं हळूहळू फिरवला, मग पट्टी उलटून तसंच दुसऱ्या बाजूला. रबराचा चुरा फुंकून टाकला, खाचेत ब्रश फिरवला, पट्टी परत बसवली. दोन्ही खिट्ट्या कट् कट् करून आपोआप आत आल्या. बटण दाबलं. एकच छोटा बीप, आणि पडदा उजळला.

“रॅम मेली न्हवती,” तो म्हणाला. “तिचं अन् बोर्डाचं बोलणं बंद झालतं.”

दमट हवा, बारीक धूळ आणि खाचेत किंचित सैल बसलेली पट्टी, एवढ्यानं ते बोलणं तुटतं. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की जोर लावून घासला तर निघूनच जाईल, म्हणून रबर, आणि तोही हलक्या हातानं. तो एकच छोटा बीप म्हणजे मशीननं सुरू होताना स्वतःची तपासणी करून दिलेली ‘सगळं ठीक’ची पावती असते, हेही त्यानंच सांगितलं. लांब बीप म्हणजे रॅम सापडत नाही. पडद्यावर सांगायची सोयच नसते, कारण पडद्यापर्यंत गोष्ट पोचण्याआधीच ती अडकलेली असते. म्हणून आवाज.

रॅम काय करते ते मात्र मला लोडशेडिंगनं शिकवलं. २००५ नंतरची ती वर्षं महाराष्ट्रात कुणी विसरलं नसेल. ठरलेल्या वेळी जायची ती जायचीच, वर अवचितही जायची. एका संध्याकाळी एका शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेची बारा पानं मी सलग बसून लावली होती. मुख्याध्यापकांचं मनोगत, माजी विद्यार्थ्यांची यादी, देणगीदारांची नावं. वीज गेली. आली तेव्हा त्या बारा पानांतलं एक अक्षर उरलं नव्हतं. मी टेबलावर डोकं टेकून बसले होते, ते अजून आठवतं.

आपण टाइप करतो ते सगळं आधी रॅममध्ये असतं. तिथे प्रत्येक बिटासाठी, म्हणजे एका शून्यासाठी किंवा एकासाठी, विजेचा भार साठवणारा एक इवलासा कॅपॅसिटर आणि त्याच्या दाराशी उघडझाप करणारा एक ट्रान्झिस्टर, एवढीच रचना. कॅपॅसिटरात भार असला तर एक, नसला तर शून्य. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली या रचनेचं पेटंट मिळालं, आणि आजची रॅमही त्याच कल्पनेवर चालते. पण हा कॅपॅसिटर गळक्या मडक्यासारखा असतो. भार सतत झिरपून जातो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक मडकं वाचून पुन्हा भरावं लागतं. मी पडद्याकडे बघत विचार करत असते, एकही कळ दाबलेली नसते, तेव्हाही आत हे भरणं चालूच असतं. वीज गेली की भरणारा हात थांबतो, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळी मडकी रिकामी होऊ लागतात.

सगळीच स्मृती अशी विसराळू नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक तयार झाला, त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येक कडं या किंवा त्या दिशेनं चुंबकित. वीज गेली तरी चुंबकत्व जात नसे. पण ती कडी तारांमध्ये ओवावी लागत. डेनार्ड यांची मडकी सिलिकॉनवर लाखोंनी, पुढे अब्जांनी कोरता आली. स्वस्ताई आली, वेग आला, आणि त्याच्या बदल्यात विसराळूपणा पत्करावा लागला. बारा पानं गेल्यापासून माझा डावा हात दर दोन-तीन ओळींनी आपोआप कंट्रोल-एसवर जातो. एसटीत मोबाइलवर काही लिहिताना अजूनही बोटं ती जागा शोधतात.

त्याच आठवड्यात यूपीएस घेतला, ६०० व्हीएचा. आत १२ व्होल्टची एक बॅटरी, तेवढ्यावर दहा-बारा मिनिटं मिळतात. काम करायला नाही, सेव्ह करून नीट बंद करायला. हे न समजल्यानं लोक यूपीएसवर काम ओढत राहतात, आणि मग बॅटरी लवकर बसली म्हणून कुरकुरतात.

एसएमपीएसबद्दल थोडक्यात सांगते. डब्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे पॉवर केबल शिरते, तिथली ही पत्र्याची पेटी. भिंतीतून २३० व्होल्टची वीज येते. आतल्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एवढीच लागते, तीही एकाच दिशेनं वाहणारी. पेटी आलेली वीज सरळ करते, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडते आणि हवी तेवढी खाली आणते. तुकडे इतके भराभर पडतात म्हणून ट्रान्सफॉर्मर काड्यापेटीएवढा पुरतो. पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची, काळ्या सगळ्या अर्थिंगच्या. ही पेटी मात्र मी कधीही उघडत नाही आणि कुणी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरांमध्ये झटका देण्याइतकी वीज टिकून असते.

मदरबोर्डाचं, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डाचं, दुखणं हळू वर आलं. २००६ च्या सुमारास मशीन मधेच अडकायची, आपोआप पुन्हा सुरू व्हायची. विंडोज दोनदा टाकून झालं, व्हायरस शोधून झाले. शेवटी तोच मुलगा मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडून आत बघत म्हणाला, “वहिनी, हिकडं या, हात लावून बघा.” प्रोसेसरच्या शेजारी छोट्या पिंपांसारख्या कॅपॅसिटरांची ओळ होती. त्यांची डोकी सपाट असायला हवीत. त्यातल्या चारांची डोकी टम्म फुगली होती, एकाच्या डोक्यावरच्या फुलीतून तपकिरी रस बाहेर येऊन वाळला होता. बोटाला तो उंचवटा स्पष्ट लागला.

पुढे समजलं की त्या काळात जगभरच्या मदरबोर्डांवर हेच झालं होतं. २००० च्या आसपास बाजारात आलेल्या कितीतरी कॅपॅसिटरांमधलं द्रावण सदोष होतं. दोन-तीन वर्षं चालायचे, मग आत वायू धरून फुगायचे. आणि बसलेले कुठं, तर नेमके प्रोसेसरच्या पुरवठ्यावर. माझ्या पेंटियम फोरला साधारण दीड व्होल्टच लागायचा, पण वीज खायचा साठेक वॅट. म्हणजे त्या दीड व्होल्टवर चाळीसेक अँपिअरचा प्रवाह. प्रोसेसरची गरज क्षणाक्षणाला कमी-जास्त होते, आणि ते हेलकावे हे कॅपॅसिटर सांभाळून घेतात. ते फुगले की पुरवठा डगमगतो, आणि कर्ता माणूस वाक्याच्या मधेच गप्प होतो. त्यानं चारही कॅपॅसिटर काढून नवे सोल्डर केले. सामानाचा खर्च किरकोळ होता. मशीन पुढे सहा वर्षं चालली.

मदरबोर्डाबद्दल माझा आदर तेव्हापासूनचा. ती स्वतः हिशोब करत नाही, लक्षात ठेवत नाही, दाखवत नाही. सगळ्यांना बसायला जागा देते, प्रत्येकाच्या वाट्याची वीज पोचवते आणि एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत नेते. तिच्यावरच्या बारीक तांब्याच्या वाटा उन्हात धरून बघाव्यात. काही ठिकाणी मुद्दाम नागमोडी वळणं दिलेली दिसतात. नक्षी वाटते, पण शेजारशेजारच्या वाटांची लांबी सारखी व्हावी आणि सगळे संकेत एकाच वेळी पोचावेत म्हणून ती वळणं असतात.

तिच्यावरच्या रिकाम्या खाचांमध्ये ब्रश फिरवताना मला दरवर्षी एक जुनं कार्ड आठवतं. १९९४ साली माझे मामा एका पतसंस्थेत होते, त्यांना जेवणाचा डबा द्यायला गेले होते मी. तिथल्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर खातेदारांची नावं होती, आणि ती मराठीत होती. तोवर मी कॉम्प्युटरवर देवनागरी अक्षर पाहिलं नव्हतं. मामांना विचारलं तर म्हणाले, “आत कार्ड बसवलंय, जिस्ट कार्ड.” छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही.

त्या कार्डाचं मोल पुढे कळलं. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, पडद्यावर २५ ओळी, ओळीत ८० घरं, घरात एक अक्षर, आणि अक्षरं सगळी मिळून २५६. इंग्रजीचं त्यात भागत होतं. आपल्याकडे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, उच्चारात मागून येते. रफार डोक्यावर चढतो. ‘क’ आणि ‘ष’ मिळून तिसरंच काहीतरी दिसतं. तेव्हाच्या मशीनमध्ये हे सगळं जुळवायला ना स्मृती होती ना वेग. म्हणून ते जोडकाम वेगळ्या कार्डावर नेलं. कामाची सुरुवात आयआयटी कानपूरला झाली, मोहन तांबे यांनी ते पुढे नेलं, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिल्यावर ते तिथे आलं. कार्ड मदरबोर्डाच्या खाचेत बसायचं, आणि ज्या प्रोग्रॅमला देवनागरी माहीतही नव्हती त्याच्यातून मराठी उमटायची. छापखान्यात ‘क्ष’चा खिळा वेगळा, ‘ज्ञ’चा वेगळा, जोडाक्षरांच्या खणांनी केस भरून जायची. इथे क, हलन्त, ष अशा तीन कळा दाबल्या की ‘क्ष’ आपण होऊन जुळायचा. इन्स्क्रिप्टचा कळफलक मी त्याच्यासाठी शिकले, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि आज हा लेखही त्याच कळफलकावर लिहिते आहे. पुढे हे काम सॉफ्टवेअरकडे गेलं, युनिकोड आलं, आणि कार्ड कालबाह्य झालं. आपल्या भाषेसाठी कुणीतरी धातूचा, सिलिकॉनचा, हातात धरता येईल असा भाग घडवला होता, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. ते कार्ड जपून ठेवलेलं माझ्या पाहण्यात कुठंच नाही, याचं वाईट वाटतं.

प्रोसेसरची गंमत म्हणजे तो स्वतः फारसा बिघडतच नाही. त्याला बेरीज येते, तुलना येते, इथला आकडा तिथे ठेवता येतो. पण २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके, आणि त्या ठोक्यांवर साडेपाच कोटी ट्रान्झिस्टर उघडझाप करतात. १९७१ साली इंटेलचा ४००४ आला, एका चिपवर बसलेला पहिला बाजारी प्रोसेसर, त्यात २,३०० होते. एवढी उघडझाप म्हणजे उष्णता. म्हणून वर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीट सिंक, त्यावर पंखा, आणि मधे थर्मल पेस्टचा पातळ लेप, दोन पृष्ठभागांमधली हवा घालवायला. एका मे महिन्यात दुपारी मशीन कासवासारखी चालायची, सकाळी बरी असायची. पत्रा काढला तर हीट सिंकच्या पात्यांमध्ये उदबत्तीची राख, कागदाचा भुगा आणि कापूस यांची गादी बसली होती. प्रोसेसरनं फार तापल्यावर स्वतःच वेग कमी करून जीव वाचवला होता. तेव्हापासून दुकानातली उदबत्ती दाराबाहेर लावते.

मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते, सीआर २०३२. तीन व्होल्टची. वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, आणि तेच आकडे तिच्या नावात. ती गेली तेव्हा रोज सकाळी मशीनची तारीख मागच्या कुठल्या तरी जानेवारीवर जायची. एका लग्नाच्या हिशोबाचं बिल मी त्या तारखेनं देऊन बसले होते. सगळं दुकान बंद असताना रात्रभर एक क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत राहतो, मनगटी घड्याळातल्यासारखा, आणि वेळ मोजत राहतो. त्याला जागं ठेवते ती ही बॅटरी. चार-पाच वर्षं कुणाच्या लक्षातही न येता.

आता हार्ड डिस्क.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा वाढायला लागली तेव्हा आम्ही सगळे २००५ च्या पुराच्या खुणांवर विसंबलो होतो. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ चं पाणी कुठवर आलं होतं ती रेघ गावभागातल्या बऱ्याच भिंतींवर अजून होती, आणि जो तो सामान त्या रेघेच्या वर रचून ठेवत होता. मीही दुकानातला कागद माळ्यावर चढवला, यूपीएस चढवला, डबा टेबलावर टेबल ठेवून त्यावर ठेवला. त्या वेळी ती दुसरी मशीन होती, २०१२ सालची.

रात्री शेजारची पोरं दार वाजवायला आली. “वहिनी, चला, आता थांबू नका.” पायरीवर पाणी होतं. घरातून सासूबाईंना बाहेर काढून, त्यांची औषधं पिशवीत घालून मी पाच मिनिटं मागितली आणि दुकानात गेले. वीज तोडलेली. मोबाइल दातात धरला. पत्रा काढला. डबा उचलून न्यायला ना रिक्षा होती ना हात. मॉनिटर राहू दे, बोर्ड राहू दे, रॅम राहू दे. हे सगळं बाजारात पैसे टाकून मिळतं. मला नेमका एकच भाग न्यायचा होता आणि तो कुठला हे मला माहीत होतं. डिस्कच्या मागच्या दोन वायरी ओढल्या, एक रुंद विजेची, एक अरुंद माहितीची. चार स्क्रू. तीन निघाले, चौथा फिरत राहिला, निघेना. शेवटी पत्राच वाकवला आणि डिस्क ओढून काढली. पोथीएवढी, हाताला जड. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर टॉवेल, आणि पदराखाली धरून मी बाहेर आले.

पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ची रेघ बुडाली, माझी टेबलावरची टेबलं बुडाली.

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात. त्या माझ्या डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे घेत, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीवर एक बारीक हेड पुढं-मागं होतं आणि पृष्ठभागाचे सूक्ष्म तुकडे या दिशेनं वा त्या दिशेनं चुंबकित करतं. ते तबकडीला टेकत मात्र नाही. फिरण्यानं जी हवा खेचली जाते तिच्यावर तरंगतं, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर. धुळीचा कण मधे आला तरी ओरखडा. तरीही माझ्याकडच्यासारखी डिस्क पूर्ण बंद डबी नसते. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून तिला बारीक छिद्र असतं, आत गाळणी असते, शेजारी ‘हे छिद्र झाकू नये’ अशी सूचना छापलेली असते. पुरात ती राहिली असती तर गढूळ पाणी तिथूनच आत गेलं असतं. पाण्यानं चुंबकत्व पुसलं जात नाही, पण आत गाळ असताना कुणी उत्सुकतेनं ती सुरू केली की हेड गाळावरून घासतं आणि उरलंसुरलं संपतं. पूर ओसरल्यावर कितीजणांनी भिजलेल्या डिस्का पंख्याखाली वाळवून सुरू करून पाहिल्या. वेळेत सांगणारं कुणी नव्हतं.

दहा दिवसांनी सांगलीतल्याच विश्रामबागला बहिणीच्या घरी तिच्या मुलाच्या मशीनला डिस्क जोडली. आधी फिरण्याचा चढत जाणारा आवाज, मग हेडची ती ओळखीची कुरकुर. २००३ पासूनचे सगळे फोल्डर पडद्यावर आले.

मला वाटलं होतं की मी माझा धंदा वाचवला. लग्नपत्रिकांची डिझाइनं, अहवालांचे साचे. पण गणपतीच्या आसपास माणसं यायला लागली. पहिल्या बाई दारातच उभ्या राहिल्या. घरातलं कपाट, अल्बम, भिंतीवरच्या तसबिरी, सगळं चिखलात गेलं होतं. “वहिनी, आमच्या आण्णांचं श्रद्धांजलीचं कार्ड तुमच्याकडंच केलतं. फोटो असंल का हो?” होता. २००८ च्या फोल्डरमध्ये, मीच स्कॅन केलेला, टोपीवरचा डागही न पुसलेला. प्रिंट काढून हातात दिली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग प्रिंट पदरानं पुसली, जिथे पुसायला काहीच नव्हतं.

त्या महिन्यात आणि पुढच्या दोन महिन्यांत अशी बरीच घरं आली. कुणाच्या आजीचा एकुलता एक फोटो, कुणाच्या लग्नपत्रिकेवर छापलेला आई-वडिलांचा. मी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क आणली, रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर. चोवीस इंची पन्नास तबकड्या, आणि त्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. आण्णांचा एक फोटो चांगला स्कॅन करून ठेवला तर जवळजवळ तेवढाच होतो.

मागे राहिलेल्या डब्याची काय गत झाली तेही सांगते. आत दोन बोटं गाळ होता. मदरबोर्डावर हिरवी बुरशीसारखी गंजाची भुकटी आली होती, ती मेली. एसएमपीएसला मी हात लावला नाही, तसाच भंगारात दिला. रॅमची पट्टी स्वच्छ पाण्यानं धुतली, आठवडाभर उन्हात वाळवली, दात रबरानं पुसले, आणि दुसऱ्या बोर्डात बसवली तर ती चालली. तिच्यात काही उरलं असण्याचा प्रश्नच नव्हता. जपून ठेवणं तिचं काम कधीच नव्हतं. पण ती चालली याचा मला आनंद झाला.

आताच्या मशीनमध्ये एसएसडी आहे. फिरणारं काही नाही, विजेचा भार अशा घरांत कोंडलेला की वीज गेली तरी तो वर्षानुवर्षं बाहेर पडत नाही. पूर्वी विंडोज उघडायला चहा होईपर्यंत थांबावं लागायचं, आता पदर खोचेपर्यंत उघडतं. पण जुनी डिस्क जायच्या आधी टक्-टक् करून सांगायची. ही काही सांगत नाही. म्हणून सगळ्या कामाची एक नक्कल फिरत्या तबकडीवर काढून विश्रामबागला ठेवते. दर पौर्णिमेला. तिथी लक्षात राहते.

यंदाच्या खंडेनवमीला पत्रा मी काढला नाही. वर्षभर माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी आहे, बारावी झालेली, बोटं चपळ. तिला स्क्रू ड्रायव्हर दिला. तिनं आधी भिंतीतला प्लग काढला, मग पत्र्याच्या उघड्या भागाला हात टेकवून अंगातली स्थिर वीज जाऊ दिली. हे मी तिला एकदाच सांगितलं होतं. पंख्याचं पातं बोटानं धरून ब्रशनं झाडलं, हीट सिंक झाडला, रॅम काढली, रबर फिरवला, एकाच दिशेनं. परत बसवली. वायरी जोडल्या. हळदकुंकू लावायला मी निरंजन हातात घेऊन उभी होते.

नव्या मदरबोर्डांना आवाजाची बटणाएवढी चकती बहुधा सोबत येत नाही. मी ती मुद्दाम आणून पिनांवर बसवून घेतली आहे. तिनं बटण दाबलं, आणि लांब बीप आला. थांबला, पुन्हा आला. पडदा काळा. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तिनं मशीन बंद केली, प्लग काढला, डब्यात वाकून पाहिलं. रॅमच्या एका टोकाची खिट्टी अर्धवट उघडी होती. दोन्ही अंगठे पट्टीच्या दोन टोकांना ठेवून तिनं सरळ खाली दाब दिला.

कट्.